आधी जेवून घे

परवा नाशिकहून भावाचा फोन आला. म्हणाला, "काही विशेष नाही गं, आईला सकाळी जरा चक्कर आली होती. आता बरी आहे." आणि मी भर ऑफिसात ओरडले, "बरी आहे म्हणजे काय? नीट सांग. आहे ना ती?" मग पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि आईचा आवाज आला, "आहे हो, आहे! एवढ्यात नाही जात मी. उपासाचं खाल्लं, पित्त झालं. काय मेलं अभद्र बोलतेस!" मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. शेजारच्या टेबलावरची फिलिपिनो मुलगी टिश्यूचा बॉक्स माझ्यासमोर ठेवून हळूच निघून गेली.

आईला काय सांगणार? तिला पास्कोलदादा माहीत नाहीत. माझे कान त्यांच्यामुळे असे झालेत.

पास्कोल रुमाव. वसईचे. दुबईतल्या आमच्या आइस हॉकी टीमचे मॅनेजर. वाळवंटात आइस हॉकी म्हटल्यावर हसलात ना? हसा. नाशिकला माझे मामाही हसले होते. म्हणाले, "तिकडे सरबतात घालायला बर्फ पुरत नसेल, आणि तुम्ही त्याच्यावर खेळता?" पण टीम होती, चांगली प्रोफेशनल. मालक एक हौशी एमिराती गृहस्थ, कॅनडात शिकायला असताना त्यांना हे वेड लागलेलं. त्यांनी कॅनडा, फिनलंड, चेक, लाटविया असे कुठून कुठून खेळाडू आणले, काही इथली पोरं घेतली आणि आखातातल्या लीगमध्ये टीम उतरवली. मी क्लबच्या ऑफिसात होते. तिकिटं बघायची आणि मॅच झाली की सोशल मीडियावर चार ओळी टाकायच्या. त्या पहिल्या सीझनच्या सुरुवातीला माझं खरं काम एकच होतं, 'आम्ही हरलो' हे दर वेळी वेगळ्या शब्दांत लिहिणं. हरायचोच आम्ही. कुवेतच्या टीमकडून हरलो, रियाधच्या टीमकडून हरलो, अबुधाबीवाल्यांनी तर असं धुतलं की आमचे प्रेक्षक मधल्या सुट्टीतच पार्किंगकडे पळाले.

या सगळ्यात पास्कोलदादांना खेळातलं काडीचंही कळत नव्हतं. तीस-एक वर्षं हॉटेलच्या बँक्वेटमध्ये काढलेली. लग्नं, कॉन्फरन्स, रमझानातले इफ्तार. तिथेच मालकांची ओळख. मालक म्हणाले, "हॉकी शिकवायला कोच आहे. तू फक्त ही पोरं सांभाळ." त्यांनी सांभाळली. व्हिसा, फ्लॅट, बस, डॉक्टर, कुणाचा दात दुखतो, कुणाच्या बायकोला इथलं ऊन सोसत नाही, सगळं त्यांच्याकडे. मॅच चालू असताना मात्र ते काचेमागे बसून मला विचारायचे, "मीनलबाय, गोल झाला?"

"झाला."

"आपला?"

"त्यांचा."

"अरेरे," म्हणायचे, आणि खिशातली रोजरीची जपमाळ पुढे सरकायची.

बुटके, जाड भिंगांचा चष्मा, पायात मोजे आणि त्यावर चामड्याच्या चपला. अंगात रेजिनावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विणलेला तपकिरी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. बाहेर लोक घामाने निथळत असायचे आणि हे पार्किंगमध्येच स्वेटर चढवायला सुरुवात करायचे. बर्फावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. टीमचा फोटो काढायचा होता तेव्हा सगळे बर्फावर उभे आणि दादा कठड्याच्या बाहेरून मान काढून. फोटोग्राफर "यल्ला, यल्ला" म्हणजे चला चला करून थकला. "पाणी पाण्यासारखं असावं गो बाय," मला म्हणाले, "हे असं कडक झालेलं आपल्याला पटत नाय."

पहिल्याच दिवशी मी त्यांना सर म्हटलं. म्हणाले, "सर शाळेत. अंकल म्हणशील तर तेही नको, लिफ्टमध्ये भेटलेली सगळी पोरं अंकलच म्हणतात. दादा म्हण." मी दादा म्हणू लागले. खेळाडूंना वाटलं तेच त्यांचं नाव. मग तो सहा-सव्वासहा फुटी कॅनेडियन कोचसुद्धा मीटिंगमध्ये "दादा विल अरेंज" म्हणायला लागला.

दुसरा एक शब्द त्यांनी सगळ्या टीमला शिकवला होता. जेवलास का? सकाळी भेटा, दुपारी भेटा, भांडायला जा, सही घ्यायला जा, आधी हा प्रश्न. फिनलंडचा कॅप्टन हे इतकं मनापासून शिकला की एकदा त्याने मॅचच्या सुरुवातीला रेफरीलाच हात मिळवून विचारलं, "जेवलास का?" रेफरी बिचारा कझाक होता. त्याने घाबरून मान हलवली.

पण यामागे दादांचा एक पक्का नियम होता. वाईट बातमी रिकाम्या पोटी द्यायची नाही. मावसबहिणीच्या लग्नासाठी मागितलेली माझी रजा रद्द झाली, तेव्हा त्यांनी मला आधी कॅन्टीनमध्ये बसवलं, डबा उघडला, वहिनींनी वसईकडचा बॉटल मसाला लावून तळलेला पापलेट माझ्या पानात वाढला, काटे कुठून काढायचे ते दाखवलं, आणि शेवटच्या घासाला सांगितलं. पोट भरलेलं असल्यावर माणसाला धड रागावताही येत नाही. मी फक्त म्हटलं, "दादा, हे तुम्ही मुद्दाम केलंत." म्हणाले, "मग? उपाशी रडली असतीस, ते बरं दिसलं असतं?"

हळूहळू टीमच्या हे लक्षात आलं. दादा ताट घेऊन कुणाच्या शेजारी बसले की त्याचा चेहरा उतरायचा. एका कॅनेडियन फॉरवर्डला क्लबने सोडलं, ते सांगायचं काम दादांकडे आलं. त्यांनी त्याला घरी नेलं, बिर्याणी घातली, वर कॅरमल कस्टर्ड घातलं आणि मग सांगितलं. तो जाताना विमानतळावरून ग्रुपवर मेसेज टाकून गेला की मला एका बिर्याणीने नोकरीवरून काढलं. सगळे हसले. दादाही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

हा नियम आला कुठून, ते त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं. आम्ही शारजाला, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत नवीन जर्सी आणायला चाललो होतो. ट्रॅफिक नेहमीसारखा ठप्प. दादा म्हणाले, "मी नवीन नवीन इथं आलो तेव्हा वसईहून मोठ्या भावाचा फोन आला. आंतोन म्हणाला, बाबांना जरा बरं नाय, जमलं तर येऊन जा. मी लगेच निघालो. बाबांसाठी दाढीचं मशीन घेतलं, बॅटरीवालं. विमानात काय दिलं ते सगळं खाल्लं. शेजारच्या माणसाला सांगत होतो, आमचा म्हातारा असा नि तसा. उतरलो तर बाहेर सगळे चुलतभाऊ रांगेत उभे. एकाने माझी बॅग घेतली, दुसऱ्याने माझा खांदा धरला. तेव्हा समजलं."

"मग राग नाही आला तुम्हाला?"

"राग? छे गो. आंतोनचे उपकार आहेत. फोनवर सांगितलं असतं तर तो सगळा प्रवास मी कसा केला असता? त्याने मला तेवढे तास सुखाचे दिले. बाप जिवंत असल्याचे." आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात नाय असं?"

आमच्यात असंच. आजोबा गेले तेव्हा मी पुण्यात होस्टेलवर होते. 'आजोबांना ॲडमिट केलंय, निघून ये' एवढाच निरोप. एसटीत बसल्या बसल्या मला माहीत होतं. आपल्याकडे फोनवर कुणी मरत नाही. फोनवर माणूस फक्त ॲडमिट असतो.

आता यानिस. आमचा गोली, म्हणजे गोलकीपर. लाटवियाचा, चोविशीचा, दारातून वाकून यायचा इतका उंच, आणि बोलायला इतका लाजरा की मुलाखतीत फक्त "येस" आणि "मे बी" म्हणायचा. हॉकीत सगळे फटके अंगावर घेणारा हाच. हरणाऱ्या टीमचा गोली म्हणजे दर मॅचला अंगभर निळे डाग आणि वर पेपरात नाव. दादांनी त्याला पहिल्या आठवड्यातच ताब्यात घेतलं. अल मनखूलला त्यांच्या फ्लॅटच्या खालच्याच मजल्यावर त्याची खोली. रविवारी दादा-वहिनी चर्चला निघाले की हा पण पाठोपाठ निघायचा. दादा म्हणायचे, "तो आपल्या पंथाचा नाय. पण मिस्सानंतर जेवण असतं, ते त्याला कळलंय." वहिनींचे फुगे, म्हणजे ते गोल तळलेले गोडसर पाव, तो एका बैठकीत टोपलीभर संपवायचा. कोचने तळणावर बंदी घातली तर दादा ते गोलीच्या जाड ग्लोव्हमध्ये लपवून आणायला लागले.

यानिसचं सगळं बोलणं त्याच्या बाबांविषयी. बाबांनी त्याला गावाच्या तळ्यावर, घरामागे, खेळायला शिकवलं. थंडीत तळं गोठलं की बाबा स्वतः फावड्याने बर्फ झाडायचे आणि खुर्ची टाकून बसायचे. आताही प्रत्येक मॅचआधी तो बाबांना फोन लावायचा. बाबा तिकडे लॅपटॉपवर मॅच बघायचे. फोनवर फार काही बोलत नसत. दादा हसून सांगायचे, "बाप एक शब्द बोलतो, पोरगा एक शब्द बोलतो, मग दोघं गप्प. तरी फोन ठेवत नायत."

फोन झाला की यानिस तो दादांकडे द्यायचा. कोचचा नियम होता, मॅचच्या तासभर आधी सगळ्यांचे फोन जमा. दादा ते बटर कुकीजच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि डबा मांडीवर घेऊन बसायचे. मांडी सोडून कुठे ठेवायचे नाहीत.

ती शनिवारची दुपारची मॅच होती. यानिस फोन देताना म्हणाला, "बाबा उचलत नाहीयेत. तळ्यावर गेले असतील." दादांनी फोन डब्यात ठेवला. थोड्या वेळाने दादांचा स्वतःचा फोन वाजला. कागदोपत्री अडीअडचणीचा नंबर म्हणून यानिसने त्यांचाच दिला होता. यानिसची बहीण बोलत होती, इल्झे. तिने जे सांगितलं ते दादांनी पुढे मला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ आहे. "पप्पा इज इन हॉस्पिटल. इट इज व्हेरी बॅड. ही इज अवेक. ही आस्क्स फॉर यानिस. प्लीज, यानिस मस्ट कॉल नाऊ."

फोन ठेवून दादा माझ्या खोक्याएवढ्या केबिनमध्ये आले, दार लावलं आणि म्हणाले, "मीनलबाय, पोराचे बाबा गेले."

मी विचारलं, "ती म्हणाली तसं?"

"असं कोण म्हणतं गो फोनवर? हॉस्पिटलात आहेत, जागे आहेत, फोन करायला सांगा म्हणाली. म्हणजे गेले."

मला ते पटलं. लगेच पटलं, हेच तर आहे. त्या मुलीने स्वच्छ सांगितलं होतं आणि आम्ही दोघं जाणती माणसं तिच्या वाक्यामागे लपलेला अर्थ शोधत बसलो. त्यांच्यात मागे काही लपवत नाहीत, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. दादा म्हणाले, "रात्रीशिवाय विमान नाय. आत्ता सांगून पोरगा करणार काय? खेळू दे. जेवू दे. मग मी सांगतो." मी मान हलवली.

पुढे त्यांनी जे केलं ते बघायला हवं होतं. एवढ्या मायेने मी कुणाला काम करताना पाहिलेलं नाही. रात्रीचं तिकीट काढलं. वहिनींना फोन करून यानिसची बॅग भरायला लावली, काळे कपडे घालायला सांगितले, तिकडे थंडी असेल म्हणून दादांचा स्वतःचा मफलर घालायला सांगितला. विमानतळासाठी गाडी सांगितली. कोचच्या कानावर घातलं आणि मॅच संपेपर्यंत बोलू नको म्हणून बजावलं. सगळं केलं, एक गोष्ट सोडून. मग येऊन काचेमागे आपल्या जागी बसले, डबा मांडीवर घेऊन.

डबा सारखा थरथरत होता. आत फोन वाजत होता. पत्र्यामुळे आवाज मोठा व्हायचा, म्हणून दादांनी डबा स्वेटरखाली घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला. मला म्हणाले, "सांत्वनाचे असणार. नातेवाईक." डोळे पुसत होते. "बिचारा."

आणि तो बिचारा त्या दिवशी असा खेळला की काय सांगू. एक पक, म्हणजे ती रबराची चकती, आत जाऊ दिला नाही. उताणा पडून, गुडघ्यांवर सरकून, छातीवर झेलून, सगळं अडवलं. आम्ही जिंकलो. सीझनमध्ये पहिल्यांदा! ड्रेसिंग रूममध्ये नुसता धिंगाणा. 'जिंकलो' हे कसं लिहायचं ते मला सुचेना. यानिसने अंघोळ केली, वहिनींचा डबा चाटूनपुसून खाल्ला, तोंडात फुगा असताना मॅचचा पक आणून दादांच्या हातात ठेवला. दादांनी तो घेतला. मग म्हणाले, "कम, बेटा," आणि त्याला मसाजच्या खोलीत नेलं.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये होते. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग यानिस फोनवर बोलायला लागला, त्याच्या भाषेत, जोरजोरात, मग एकदम हळू. मग इंग्लिशमध्ये विचारलं, "दादा, तिने तुम्हाला फोन कधी केला?"

दादांनी सांगितलं.

"तेव्हा ते जिवंत होते," यानिस म्हणाला.

शेवटच्या पिरियडमध्ये गेले ते. बहिणीने त्यांच्या उशीशी फोनवर मॅच लावून दिली होती. पोराला खेळताना बघत होते आणि मधूनमधून विचारत होते, आज याने फोन का नाही केला? बहीण सांगत होती, करेल, आता करेल, निरोप दिलाय.

दादांचा आवाज बाहेर ऐकू आला. खोटं बोलले नाहीत ते. निरोप विसरलो म्हणता आलं असतं, नेटवर्क नव्हतं म्हणता आलं असतं. त्यांनी जे झालं तेच सांगितलं, की मला वाटलं ते गेलेत आणि ती ते सांगत नाहीये. यानिसला ते समजेनाच. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला वाटलं माझे बाबा मेलेत. आणि तुम्ही मला खेळू दिलंत? जेवू दिलंत? मी हसत होतो, ते बघत बसलात?"

दादा म्हणाले, "आमच्यात..."

यानिस त्या रात्रीच्या विमानाने गेला. मफलर बॅगेतून काढून त्याने दादांच्या फ्लॅटच्या दाराला अडकवून ठेवला होता. वहिनींनी तो काढून आत आणला आणि कपाटात ठेवला.

पंधरवड्याने तो परत आला, कारण कॉन्ट्रॅक्ट होतं. दादांना रोज गुड मॉर्निंग म्हणायचा. वाईट एवढंच होतं की तो भांडला नाही. फोन डब्यात देणं त्याने बंद केलं, आणि कोचची त्याला विचारायची हिंमत झाली नाही. रविवारी चर्चच्या वेळेला त्याच्या खोलीचं दार बंद असायचं. आम्ही पुन्हा हरायला लागलो. आता त्याच्या हातून साधे सोपे पकसुद्धा सुटायचे.

आणि दादांनी 'जेवलास का' विचारणं बंद केलं. कुणालाच विचारेनात. कॅन्टीनमध्ये एका कोपऱ्यात बसून चहा ढवळत राहायचे. मी म्हटलं, "दादा, तुम्ही चांगल्या मनाने केलंत." माझ्यावर एकदम उखडले. "चांगल्या मनाचं काय करू? त्याचं लोणचं घालू? फादरकडे गेलो, कुमसार केला, पापाची कबुली दिली. फादर म्हणाले देवाने माफ केलं. देवाचा काय संबंध गो? ज्याचं नेलं तो खालच्या मजल्यावर राहतो!"

मग एक दिवस मला म्हणाले, "आंतोनला फोन केला होता. विचारलं, बाबा नक्की कधी गेले ते खरं सांग. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. तो आधी टाळत होता. मी म्हटलं, तुला क्रुसाची शपथ."

"मग?"

"बाबा आठवडाभर अंथरुणाला होते. माझं नाव घेत होते. घरच्यांनी ठरवलं, पास्कोलची नोकरी नवीन आहे, उगाच जिवाला घोर नको. सगळं आटोपल्यावर फोन केला मला." चष्मा काढून त्यांनी स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "मी सगळ्यांना सांगत फिरायचो, आंतोनने मला सुखाचे तास दिले. दिले ते माहीत होतं. काढून घेतला तो आठवडा कुणी सांगितलाच नाय. आणि बघ ना, त्याच्यावर रागावता पण येत नाय आता. कुठल्या तोंडाने रागावू?"

माझा चहा तसाच राहिला.

मधल्या काळात मालकांचा धीर सुटला. जानेवारीत ठरलं, नवीन गोली आणायचा आणि यानिसला मोकळं करायचं. सकाळची प्रॅक्टिस चालू होती. कोच ऑफिसात आला, दादांना म्हणाला, "दादा, तूच सांग त्याला. तुझ्या पद्धतीने. प्रॅक्टिस झाली की जेवायला ने कुठेतरी चांगल्या ठिकाणी, बिल क्लबचं. घाई नाही."

दादा खुर्चीतून उठले. म्हणाले, "ठरलं म्हणजे ठरलं ना? नक्की?"

"ठरलं."

ते तसेच निघाले. मला वाटलं टेबल बुक करायला चाललेत. पण ते रिंककडे गेले, म्हणून मीही मागे गेले. कठड्याचं छोटं दार त्यांनी उघडलं. मी म्हटलं, "अहो दादा, काय करताय?" तोवर त्यांचा एक पाय बर्फावर होता.

मोजे आणि चामड्याच्या चपला. पहिल्याच पावलाला सरकले, कठडा धरला, मग कठडा सोडला. समोरून पक सणसणत जात होते. फिनलंडच्या कॅप्टनने त्यांना बघितलं आणि शिट्टी मारली, सगळे होते तिथे थांबले. एवढ्या मोठ्या पांढऱ्या रिंकमध्ये तो तपकिरी स्वेटर दोन्ही हात पसरून, बोटभर बोटभर पुढे सरकत होता. गोल पार पलीकडच्या टोकाला. मध्ये एकदा गुडघ्यावर आपटले. कुणीतरी धावत निघालं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आपले आपण उठले. मला हसू यायला हवं होतं खरं तर. मी कठड्याला धरून नुसती रडत होते.

यानिस गोलमध्ये उभा होता, तोंडावर जाळीचा मुखवटा. दादा अर्ध्यावर पोचले असतील, तेव्हा तो निघाला. दोन ढांगांत त्यांच्यापर्यंत आला, मुखवटा वर केला. दादा बोलले. थोडंसंच बोलले, मान वर करून, त्याच्या डोळ्यांत बघून. यानिस ऐकत होता. मग त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ दोघं तसेच उभे राहिले, काही न बोलता. मला दादांचंच बोलणं आठवलं, बाप एक शब्द बोलतो, पोरगा एक शब्द बोलतो.

मग यानिसने जाड ग्लोव्ह काढून काखेत मारला, दादांचा दंड धरला आणि त्यांना हळूहळू परत आणायला लागला. ते चालत नव्हतेच, तो त्यांना सरकवत आणत होता. दारापाशी पोचल्यावर त्याने वाकून त्यांना काहीतरी विचारलं. दादांनी मान हलवली. तो पुन्हा वळून गोलकडे निघून गेला, उरलेली प्रॅक्टिस करायला.

यानंतरही मी दादांना पाहिलं आहे. सीझन संपल्यावर ते वहिनींना घेऊन कायमचे वसईला गेले, तेव्हा ऑफिसात केक कापला, फोटो काढले. पण मला ते आठवतात ते त्या दारातले. मोजे ओले, गुडघ्याला बर्फाचा चुरा, ओठ निळे पडलेले. मी त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "काय म्हणाला तो?"

दादा वाकून मोजे काढत होते. वर न बघता म्हणाले, "विचारत होता, जेवलास का."

"मग?"

"नाय म्हटलं. आधी तुला सांगायचं होतं."